विंचवाचे नाव बदलले की पुरावा लपतो

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमेलगतच्या तालुक्यांत आजही अनेक घरांतून मराठी बोलली जाते. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे, त्यामुळे चिऱ्यांच्या भिंती पाहत वाढलेल्या गोमंतकीयाला ही भूमी फारशी परकी वाटू नये. तुरीच्या काड्या उचलताना किंवा दगड हलवताना येथे नांगी लागली, की दवाखान्याच्या दारात कोणी ‘विंचू’ म्हणतो, कोणी कन्नडमध्ये ‘चेळू’, तर कोणी दखनीत ‘बिच्छू’. डॉक्टरला तिन्ही शब्द कळतात. मात्र विंचूदंशावरील संशोधन शोधण्यासाठी त्याने संगणक उघडला, की यांपैकी एकही शब्द कामास येत नाही.

रुग्ण घामाने निथळत असताना कोणी संगणक उघडून बसत नाही, हे उघड आहे. हा शोध आधीच्या किंवा नंतरच्या निवांत वेळेचा असतो. पण त्या वेळी काय सापडले आणि काय निसटले, यावर पुढच्या रुग्णाचा उपचार ठरतो.

शोधाची पहिली पायरी म्हणजे प्रश्न नेमका करणे. ‘विंचूदंशावर उपाय काय’ असे विचारले, तर हजारो नोंदींचा ढिगारा हाती येतो. त्याऐवजी रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि अपेक्षित परिणाम काय, असे चार भाग वेगळे करावेत. मग प्रश्न असा उभा राहतो : लाल विंचवाच्या दंशाने हृदय व रक्ताभिसरणावर परिणाम झालेल्या रुग्णाला केवळ प्राझोसिन देण्यापेक्षा त्यासोबत प्रतिविषही दिले, तर तो लवकर बरा होतो का?

त्यानंतर शब्दांचा प्रश्न येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘पबमेड’ या विनामूल्य सूचीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. भारतीय लाल विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या लेखांत ‘ब्यूथस टॅम्युलस’ असे आढळते, पुढच्या काळात ते ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ झाले आणि अलीकडे ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ असे लिहिले जाते. प्राणी तोच असला, तरी केवळ नवे नाव टाकून शोधणाऱ्याला जुने महत्त्वाचे लेख दिसणारच नाहीत. म्हणून तिन्ही नावे ‘ऑर’ने जोडावी लागतात आणि उपचाराचे शब्द त्यांना ‘अँड’ने. याच अडचणीवर उतारा म्हणून त्या ग्रंथालयाने १९६० मध्ये विषयशीर्षकांची एक प्रमाण शब्दावली सुरू केली. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, त्या लेखाला ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ हे ठरलेले शीर्षक दिले जाते. मात्र अगदी ताज्या लेखांना हे शीर्षक मिळण्यास वेळ लागू शकतो, म्हणून शीर्षक आणि मोकळे शब्द दोन्ही वापरणे शहाणपणाचे.

असा शोध घेतला, की खरा पेच समोर येतो. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ट्युनिशियातील ८२५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. विषबाधेची तीव्रता न पाहता सरसकट प्रतिविष दिल्याने तेथे लाभ आढळला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनातून नेमका उलट निष्कर्ष आला. त्या चाचणीत बालके अवघी पंधरा होती. प्रतिविष मिळालेली आठही चार तासांत लक्षणमुक्त झाली, तर न मिळालेल्या सातांपैकी एकच. कोणावर विश्वास ठेवावा? खरे तर दोन्ही ठिकाणचे विंचू वेगळे, त्यांचे विष वेगळे आणि रुग्णांची निवडही वेगळी. केवळ सारांशाची शेवटची ओळ वाचणारा येथे हमखास फसतो.

बिदरच्या डॉक्टरला हवे असलेले उत्तर दोन्हींपेक्षा बरेच जवळ होते. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला आणि १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मधून आपली निरीक्षणे मांडली. या विषाने शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावर असह्य ताण पडतो. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी नेमका तोच आवळ सोडवते. पुढे २०११ मध्ये ‘बीएमजे’त बावस्कर दांपत्याची महाडमधील चाचणी आली. एकूण ७० रुग्णांपैकी ३५ जणांना प्राझोसिन व प्रतिविष, तर ३५ जणांना केवळ प्राझोसिन देण्यात आले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३२ होते, दुसऱ्यात ८. चाचणी लहान होती आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, ही तिची मर्यादा. तरीही विंचू आपला आणि परिस्थितीही ग्रामीण, म्हणून बिदरसाठी तिचे वजन अधिक. या लेखात विंचवाचे नाव मात्र ‘मेसोब्यूथस’ असेच आहे.

‘बीएमजे’चा हा लेख विनामूल्य वाचता येतो. सगळेच तसे नसतात. बिदर व कलबुर्गीची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्या विद्यापीठाचे ‘हेलिनेट’ हे नियतकालिकांचे सामायिक जाळे २००३ पासून चालते. केंद्राची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनाही जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्चशिक्षण संस्थांसाठी सुरू झाली. पण प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे उच्चशिक्षण संस्था नव्हे. दंश झालेला रुग्ण अनेकदा प्रथम पोहोचतो तो तेथेच, आणि तेथील डॉक्टरच्या वाट्याला बहुधा सारांशच येतो. महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे लेखाची मागणी करणे हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग, पण त्याचा वापर फारसा होताना दिसत नाही.

स्थानिक संशोधन शोधताना नावांचा आणखी एक सापळा लागतो. गुलबर्ग्याचे कलबुर्गी हे नामांतर १ नोव्हेंबर २०१४ रोजी झाले आणि हैदराबाद-कर्नाटक २०१९ मध्ये कल्याण-कर्नाटक झाले. ‘कलबुर्गी’ एवढेच टाकणाऱ्याला या भागात पूर्वी फारसे संशोधन झालेच नाही असे वाटेल, कारण ते सारे ‘गुलबर्गा’ या नावाखाली नोंदलेले आहे.