धूर, धुके आणि अनुभववाद

ज्ञान अनुभवातूनच येते, या मताला अनुभववाद म्हणतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्या मते जन्मतः मन कोऱ्या कागदासारखे असते. त्यावर जे काही उमटते ते अनुभवाने. आपल्याकडील चार्वाक याहून कडक. प्रत्यक्ष हे एकच प्रमाण, अनुमानाचा भरवसा नाही, असे त्यांचे म्हणणे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'चे पहिलेच प्रकरण त्यांच्यावर आहे. अर्थात ते प्रतिपक्षाच्या लेखणीतून उतरलेले!

अनुमान शिकवताना नैयायिक नेहमी एकच डोंगर दाखवतात. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त यासाठी स्वयंपाकघर हा सपक्ष आणि मोठा जलाशय हा विपक्ष आहे. चुलीपाशी दोन्ही असतात, पाण्यात दोन्ही नसतात. मुळशीच्या विद्यार्थ्याची येथे थोडी पंचाईत होते. पावसाळ्यात ताम्हिणीचे डोंगर धुक्याने भरतात आणि थंडीत पहाटे धरणाच्या पाण्यावरही धूर निघाल्यासारखे दिसते. वाफेला धूर समजल्यास अनुमान फसते, हे नैयायिकांनाही ठाऊक होते. पण धूर कोणता आणि धुके कोणते, हे ओळखायचे कशाने?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिली पिढी माझी. आजीला अक्षरओळख नाही. पण धूर एका जागेवरून उठतो, धुके दरीभर पसरत येते, हे तिला लांबून कळते. सरपण ओले असेल तरच अग्नीला धूर येतो, तापल्या लोखंडाला येत नाही, यास तर्कशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. तो शब्द आजीने ऐकलेला नाही. ओल्या सरपणापुढे डोळे मात्र दर श्रावणात चोळले आहेत. अनुभववाद खरा मानला तर हेही ज्ञानच, आणि ते परीक्षेत विचारले जात नाही म्हणून कमी प्रतीचे ठरत नाही.

तरीही चार्वाकांचा आक्षेप उरतोच. जगातल्या सगळ्या चुली कोणी पाहिल्या आहेत? डेव्हिड ह्यूमने १७४८ साली हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला : आजवर घडले तसेच उद्या घडेल, हे अनुभव कसे सिद्ध करणार? आपल्या तालुक्यात ही शंका केवळ पुस्तकी नाही. मुळेचे पाणी पावसाळ्यात चढते आणि उतरते, एवढेच या खोऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण आले. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला, तरी गावे पाण्याखाली गेली. चढलेले पाणी उतरले नाही. शेतकऱ्यांचा अनुभव खोटा नव्हता. त्यात फक्त ही गोष्ट नव्हती.

उदयनाचार्यांचे यावर उत्तर आहे : शंका घेणारासुद्धा धूर हवा असेल तेव्हा अग्नीच पेटवतो, म्हणून व्यवहाराला बाधा येते तेथे शंका थांबते. मला हे उत्तर अर्धेच पटते. माणसे अनुभवावर विसंबून का वागतात, ते त्यातून कळते. नदी उद्याही पात्रातच राहील, याची हमी त्यात नाही.