घाट लागला की नेट जाते

मे महिन्याची सुट्टी असो, ईद असो की गावातले लग्न, मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, नालासोपारा इकडच्या घरांतून कोकणाकडे गाड्या सुटतात. सामान बांधताना पूर्वी पाण्याची सुरई आणि खाण्याचा डबा आधी आठवायचा. आता पोरांचा पहिला सवाल असतो, "गाडीत नेट चालेल ना?" पोरांना व्हिडिओ हवा असतो. चालवणाऱ्याला नकाशा हवा असतो. अम्मीला कुवेत नाहीतर दुबईत असलेल्या मुलाला सांगायचे असते की आम्ही निघालो. तेव्हा हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

गेल्या काही वर्षांत मुंबई–गोवा महामार्गावरून आमचे इतके जाणे-येणे झाले की कुठे नेट मिळते आणि कुठे जाते, हे हाताच्या रेषांसारखे पाठ झाले आहे. पनवेल, पेण, वडखळपर्यंत कुणाला काही अडचण नाही. माणगाव, महाड या गावांत ठीक. पोलादपूर सोडून कशेडीच्या डोंगराला लागले की फोनवरच्या दांड्या एकेक करून गळतात. खेड, चिपळूण आले की पुन्हा जीव येतो. महामार्ग सोडून मंडणगड, दापोली, गुहागरच्या आतल्या रस्त्याला वळले की दर वळणावर वेगळी कथा.

याचे कारण साधे आहे. मोबाईलचा सिग्नल टॉवरपासून साधारण सरळ रेषेत येतो. मध्ये डोंगर आला की त्याच्या मागे सावली पडते. शहरात वेगवान 5जी ज्या लहरींवर मिळते, त्यांतल्या बऱ्याच फार लांब जात नाहीत. घाटात फोन कधी 5जी शोधतो, कधी 4जी, आणि या शोधाशोधीतच बॅटरी संपवतो. म्हणून पोलादपूरच्या आधीच आम्ही फोन 4जीवर ठेवतो. नेट जादूने वाढत नाही, पण बॅटरी तरी टिकते.

बाजारात गाडीतल्या इंटरनेटच्या नावाने बऱ्याच वस्तू मिळतात. सिम घालायचे छोटे वायफाय डोंगल मिळते. नव्या गाड्यांत कंपनीनेच बसवलेले सिम असते. 2019 साली ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्या तेव्हा त्यांच्या जाहिरातीत याचाच गाजावाजा होता. पण गाडीतले ते सिम मुख्यतः गाडीच्या कामाचे असते: गाडी कुठे आहे ते कळणे, अपघातात मदत मागणे वगैरे. त्यावर मागच्या सीटवरच्या चार पोरांचे व्हिडिओ चालतीलच असे नाही, हे गाडी घेताना विचारून घ्यावे. डोंगलचा फायदा एवढाच की फोन तापत नाही आणि त्याची बॅटरी वाचते. जिथे टॉवरच नाही तिथे हजाराचे डोंगल आणि लाखाची गाडी सारखीच मुकी. "सिग्नल वाढवणारे यंत्र" म्हणून काही दुकानांत बूस्टर विकतात. तो परवानगीशिवाय लावणे आपल्या देशात बेकायदा आहे आणि त्याने आसपासच्या लोकांचेही नेटवर्क बिघडते. त्या वाटेला जाऊ नये.

कामाची युक्ती आहे ती वेगळीच. गाडीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असावीत. सगळ्या घराने एकाच कंपनीचा सवलतीचा प्लॅन घेतला असेल, तर ती कंपनी जिथे नाही तिथे सगळे घरच गप्प होते. जानेवारी 2025 पासून सरकारी निधीतून उभारलेल्या काही 4जी टॉवरवर एकमेकांच्या ग्राहकांनाही सेवा मिळण्याची सोय झाली आहे, पण ती सगळ्या टॉवरांवर नाही. दुसरे सिम महाग प्लॅनचे नसले तरी चालते. ते जिवंत असले म्हणजे झाले.

याचे मोल आम्हाला एका रात्री कळले. खेड तालुक्यातल्या आमच्या गावी मोठ्या चाचांचा इंतकाल झाल्याचा फोन रात्री साडेअकराला आला. मयत फार वेळ ठेवायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक. गावातल्या जमातीने सांगितले की फजरच्या नमाजनंतर जनाजाची वेळ जाहीर करू. चाचांचा एकुलता एक मुलगा कुवेतला. तो विमानतळावर तिकिटासाठी धडपडत होता. "तिकीट मिळाले की तुम्हाला कळवतो, तुम्ही गावात सांगा," असे तो आम्हाला म्हणाला, कारण घरात बायका रडत होत्या आणि फोन कुणी उचलत नव्हते. आम्ही एक वाजता निघालो. महाडपर्यंत त्याचे व्हॉट्सअॅप येत होते: रांगेत आहे, थांबा, बघतो. पोलादपूर गेले आणि सगळे बंद. गाडीत पाच माणसे आणि कुणी बोलत नाही. फजर जवळ येत होती. जमातीने जोहरची वेळ ठरवली असती तर मुलगा पोहोचला नसता.

भरणे नाक्याच्या अलीकडे मुलीच्या फोनमध्ये, तिचे सिम दुसऱ्या कंपनीचे, एक दांडी आली. तेवढ्यावर इंटरनेट चालत नव्हते, पण साधा एसएमएस आला. तो हुशार मुलगा. व्हॉट्सअॅपवर एकच टिक दिसल्यावर त्याने सगळ्यांच्या नंबरवर साधे मेसेज टाकले होते. सकाळी आठला मुंबईत उतरणार. आम्ही तिथेच गाडी बाजूला घेऊन गावात फोन लावला. बुजुर्गांनी आपसात बोलून असरनंतरची वेळ दिली. मुलगा साडेतीनला पोहोचला आणि त्याने आपल्या हाताने बापाला माती दिली.

म्हणून तातडीचा निरोप असला तर व्हॉट्सअॅपसोबत साधा मेसेजही टाकावा. त्याला फार थोडा सिग्नल पुरतो. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे असेल तर त्यावरून 112 लागतो, हेही घरातल्या मोठ्या मुलांना सांगून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी 1033 हे नंबर फोनमध्ये तर असावेतच, पण कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यातही ठेवावेत.

नकाशाबद्दल बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. नेट गेले की जीपीएस गेले, असे त्यांना वाटते. तसे नाही. आपण कुठे आहोत हे फोन उपग्रहांकडून घेतो, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणण्यासाठी. घरच्या वायफायवर गूगल मॅप्समध्ये रायगड आणि रत्नागिरीचा भाग आधीच उतरवून ठेवला, तर घाटातही गाडीचा ठिपका रस्त्यावर चालत राहतो. फक्त पुढे कोंडी आहे की नाही, हे कळत नाही. कशेडीच्या नव्या बोगद्यात मात्र उपग्रहही दिसत नाहीत. तिथे ठिपका अडखळला तर घाबरू नये, बाहेर आल्यावर तो जागेवर येतो. विदर्भ-मराठवाड्यातून समृद्धी महामार्गाने मुंबईला येणाऱ्यांना इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात हाच अनुभव येईल.

नकाशा बघण्याचे काम चालवणाऱ्याचे नाही, शेजारी बसलेल्याचे आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली गाडी चालवताना हातातला फोन वापरणे हे धोकादायक ड्रायव्हिंग ठरते. पहिल्याच वेळी 1000 ते 5000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते. ऑक्टोबर 2020 पासून रस्ता बघण्यापुरती मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. मागून फुफी सारखी विचारते, "कुठवर पोहोचलात?" त्यावर उपाय असा की घरच्या ग्रुपवर व्हॉट्सअॅपचे लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी चालू करून टाकावे. मग फोन येत नाहीत, आणि फुफीला नकाशावर सरकणारी गाडी बघण्यात मजाही येते.

आता हॉटस्पॉट. एका फोनचा हॉटस्पॉट चालू केला की बाकीचे फोन त्याला घरचे वायफाय समजतात. मग कुणाचे फोटो वर चढू लागतात, कुणाची अॅप्स अपडेट होतात, आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा पेणच्या आत संपतो. त्यानंतर मिळतो तो इतका मंद वेग की साधा फोटोही उघडत नाही. जोडलेल्या प्रत्येक फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये हे कनेक्शन 'मीटर्ड' आहे असे करावे; आयफोनवर 'लो डेटा मोड' असतो. पोरांचे कार्टून, मोठ्यांच्या तिलावत आणि बयान घरूनच उतरवून घ्यावेत. आम्ही पोरांना एक तास देतो, तोही नागोठण्यानंतर. दादीने आपल्या लग्नाची बैलगाडी कुठल्या खाडीत अडकली होती ते याच रस्त्यावर सांगितले. नेट चालू असते तर ते कुणी ऐकले नसते, असे आमचे मत. पोरांचे मत वेगळे आहे.

पैशांचे म्हणाल तर नेटशिवाय फोनवरून पेट्रोलचे पैसे सहसा जात नाहीत, म्हणून दोन-तीन हजार रोख जवळ असावेत. फास्टॅगला गाडीत नेट लागत नाही, पण त्यात शिल्लक निघण्याआधीच भरून ठेवावी. आणि सणाच्या दिवसांत, रमजान ईद असो की गणपती, कोंडीत हजारो फोन एकाच टॉवरवर तुटून पडतात. दांड्या पूर्ण दिसतात आणि काही हलत नाही. तेव्हा फोन बदलून बघण्यात अर्थ नसतो.

नमाजच्या वेळांसाठीही नेट लागत नाही. अॅप जागा आणि सूर्याचे गणित करून वेळ काढते. जीपीएस चालू असले की पुरे. मात्र असरची सेटिंग तपासावी. कोकणातले बहुतेक लोक शाफई, त्यांची असर हनफी वेळेपेक्षा लवकर सुरू होते. एकाच गाडीत शाफई सासर आणि हनफी माहेर असेल तर दोन्ही वेळा बघून थांबा ठरवावा. कसर आणि दोन नमाजा एकत्र पढण्याचे मसलेही दोन्हींत वेगळे आहेत, ते निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून घ्यावेत.

किब्ल्याचे अॅप गाडीत बसून बघू नये. गाडीचे लोखंड आणि स्पीकरचे चुंबक फोनच्या होकायंत्राला भुलवतात. उतरून दहा-पंधरा पावले दूर जावे, फोन आडवा धरावा. मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत किब्ला पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण 10 ते 14 अंश आहे, म्हणजे मावळतीकडे तोंड करून किंचित उजवीकडे. पण सूर्यही वर्षभर एकाच जागी मावळत नाही. जूनमध्ये तो बराच उत्तरेला असतो, डिसेंबरमध्ये दक्षिणेला. सावर्ड्याच्या पुढे एका हॉटेलच्या मागे आम्ही नेहमी असरला थांबतो. तिथल्या मालकाने भिंतीवर खडूने बाण काढून ठेवला आहे.