टोकन संपलं म्हणजे नेमकं काय संपलं?

मागच्या महिन्यात टीममधल्या एकाचा मेसेज आला, 'टोकन संपलंय, बघ जरा.' मी लगेच लॉगिनचं नवीन टोकन तयार करून दिलं. तरी एरर जाईना. तासाभराने कळलं, लॉगिन टोकनची मुदत संपलीच नव्हती. एआय मॉडेलच्या टोकनचा कोटा संपला होता. इंग्रजी शब्द एकच, आणि मराठीत 'संपलं' दोन्हीला चालतं! म्हणून हे अर्थ एकदा नीट बघून घेऊ.

१. बँकेतलं टोकन
पूर्वी बँकेत चेक दिला की नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळायचा. बिल्ल्याला स्वतःची किंमत नाही, पण तो दाखवला की पैसे मिळायचे. पुढचे दोन अर्थ इथूनच समजतात.

२. लॉगिन टोकन
पासवर्ड बरोबर असला की सर्व्हर तुमच्या ब्राउझरला अक्षरांची एक लांबलचक माळ देतो. पुढे तीच दाखवून आत जाता येतं. ती चोरीला गेली, तर पासवर्ड माहीत नसतानाही चोर आत शिरतो. म्हणून संशय आला तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, 'सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट' पण करा.

३. कार्डचं टोकन
रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून शॉपिंग साइट तुमच्या कार्डचा पूर्ण नंबर साठवू शकत नाहीत. त्याऐवजी टोकन साठवतात. ते त्या कार्डापुरतं आणि त्या साइटपुरतंच असतं, त्यामुळे चोरलं तरी दुसरीकडे चालत नाही.

४. एआयचं टोकन
इथे बिल्ला विसरा. टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा. मॉडेल वाक्याचे असे तुकडे करून वाचतं आणि एपीआयचं बिलही सहसा त्यावरच लागतं. यूटीएफ-८ मध्ये 'वॉटर'ची पाच इंग्रजी अक्षरं ५ बाइटमध्ये बसतात. 'पाणी'ला १२ बाइट लागतात, कारण काना आणि वेलांटीही वेगळी मोजली जाते. बरेच टोकनायझर बाइटपासून सुरुवात करतात आणि त्यांना शिकवलेला मजकूर मुख्यतः इंग्रजी असतो. त्यामुळे तीच गोष्ट मराठीत विचारली की टोकन बहुतेक वेळा जास्त लागतात. मराठी चॅटबॉट बनवत असाल तर बजेट इंग्रजीवरून काढू नका.

आता मला कुणी 'टोकन संपलं' म्हणालं की मी आधी एवढंच विचारतो: मुदत संपली की कोटा?