प्लगइन फोल्डरात आहे, मग मेनूत का नाही?

क्रिटा हे चित्रकारांसाठीचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. २०१८ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून त्यात पायथनमध्ये लिहिलेले प्लगइन चालतात. प्लगइन डाउनलोड करणं सोपं असतं, पण तो कुठे ठेवायचा इथेच गाडी अडते. त्याबद्दलचे हे काही नेहमीचे गैरसमज.

गैरसमज : सॉफ्टवेअर जिथे इन्स्टॉल झालं, तिथेच प्लगइन टाकायचा.

वस्तुस्थिती : विंडोजवर 'प्रोग्राम फाइल्स'मधलं फोल्डर हे सॉफ्टवेअरचं स्वतःचं घर. तिथे फाइल टाकायला ॲडमिनची परवानगी लागते, आणि नवी आवृत्ती चढवताना तिथल्या फाइली बदलतात. लिनक्सवरच्या ॲपइमेजच्या (एकाच फाइलीत बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या) आत तर काही ठेवताच येत नाही, ती फक्त वाचता येते. तुमच्या वस्तूंसाठी क्रिटा वेगळं 'रिसोर्स फोल्डर' ठेवतं. विंडोजवर ते बहुधा 'ॲपडेटा'मध्ये असतं, आणि 'ॲपडेटा' लपवलेलं असल्यामुळे सहज सापडत नाही. शोधत बसू नका. 'सेटिंग्ज'मधून 'मॅनेज रिसोर्सेस' उघडा आणि 'ओपन रिसोर्स फोल्डर' दाबा. योग्य फोल्डर आपोआप समोर येईल. प्लगइनची जागा त्यातल्या 'पायक्रिटा' फोल्डरात.

गैरसमज : झिप उघडून आतलं सगळं तिथे ओतलं की झालं.

वस्तुस्थिती : सर्वाधिक घोळ इथेच होतो. क्रिटाला 'पायक्रिटा'मध्ये दोन गोष्टी शेजारी-शेजारी हव्या असतात : एक डेस्कटॉप फाइल (नावाच्या शेवटी '.desktop' असलेली) आणि प्लगइनचं फोल्डर. डेस्कटॉप फाइलमध्ये लायब्ररीचं जे नाव लिहिलेलं असतं, तेच नाव फोल्डरचं असायला हवं. झिप उघडताना बऱ्याचदा बाहेर आणखी एक फोल्डर तयार होतं. मग डेस्कटॉप फाइल एक पायरी आत जाते आणि क्रिटाला दिसतच नाही. काही प्लगइनसोबत शॉर्टकटसाठी ॲक्शन फाइल येते. तिची जागा 'पायक्रिटा' नव्हे, शेजारचं 'ॲक्शन्स' फोल्डर.

एवढी उठाठेव नको असेल तर 'टूल्स'मधल्या 'स्क्रिप्ट्स'मध्ये झिपमधून प्लगइन आयात करण्याची सोय आहे. झिपची रचना ठीक असेल तर फाइली आपापल्या जागी जातात.

गैरसमज : जागेवर ठेवला की प्लगइन लगेच सुरू होतो.

वस्तुस्थिती : क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. मग 'कॉन्फिगर क्रिटा'मधल्या 'पायथन प्लगइन मॅनेजर'मध्ये त्याच्या नावापुढे खूण करा आणि पुन्हा एकदा क्रिटा सुरू करा. यादीत नावच नसेल, तर आधी जागा तपासा. नाव आहे पण करड्या रंगात, तर जागा बरोबर आणि कोडमध्ये अडचण. नावावर माउस नेला की त्रुटीचा तपशील दिसतो.

गैरसमज : ब्रश आणि प्लगइन, दोन्ही एकच.

वस्तुस्थिती : ब्रशचा संच म्हणजे 'बंडल', आणि तो 'मॅनेज रिसोर्स लायब्ररीज'मधून आयात होतो. तो फक्त रेघ कशी उमटावी ते ठरवतो. प्लगइन मात्र चालणारा प्रोग्राम असतो. तुमच्या खात्याला जेवढे अधिकार, तेवढे त्यालाही. फाइली वाचणं, पुसणं त्याच्या हातात असतं. म्हणून तो ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यावा.

गैरसमज : एका सॉफ्टवेअरची रीत दुसऱ्यालाही चालते.

वस्तुस्थिती : गिंप या दुसऱ्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये 'प्रेफरन्सेस'च्या 'फोल्डर्स' भागात प्लगइनसाठी एकाहून अधिक फोल्डर जोडता येतात. पण २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत प्रत्येक प्लगइनला त्याच्याच नावाचं वेगळं फोल्डर लागतं, आणि २.१० साठी लिहिलेले जुने पायथन प्लगइन तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. अँड्रॉइडवरच्या क्रिटात तर पायथन प्लगइनची सोयच नाही.

तेव्हा प्लगइन दिसला नाही की लगेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नका. फोल्डर, नाव, खूण आणि आवृत्ती, याच क्रमाने तपासा. पहिल्या दोन पायऱ्यांतच बहुतेकांचं काम होऊन जातं.