‘त्यालाच वाटत नाही, तर नेऊन काय उपयोग?’

मोबाइलपायी मुलाची झोप, अभ्यास, जेवण सगळं बिघडलेलं असतं. समुपदेशकाकडे नेऊया म्हटलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “त्याला स्वतःला वाटायला हवं.” या एका वाक्यापायी महिनेच्या महिने वाया जातात.

वस्तुस्थिती अशी, की मनाची तयारी घरूनच करून यावी लागत नाही. ती घडवणं हे उपचाराचं पहिलं काम असतं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी 1983 साली सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून दाखवलं, की माणूस टप्प्याटप्प्यानं बदलतो. आधी त्याला अडचण दिसतच नाही. मग दिसते, पण मन मागेपुढे होत राहतं. “रात्री दोनपर्यंत रील बघतो, सकाळी डोकं जड होतं” म्हणणारा मुलगा पुढच्याच वाक्यात “पण माझे सगळे मित्र तिथंच आहेत” म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला दोन्ही खरंच वाटत असतं. त्याच वर्षी विल्यम मिलर यांनी दारूच्या रुग्णांसाठी मांडलेली संवादाची पद्धत नेमकी या द्विधा मनःस्थितीवर काम करते. त्यात उपदेश नसतो, प्रश्न असतात. फोन हातात घेण्याआधी मनात काय चाललेलं असतं? पूर्वी आवडायचं असं काय सुटलं? उत्तरं देता देता बदलाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ लागतात. आपण दिलेल्या कारणांपेक्षा ती कितीतरी जास्त टिकतात.

फोन हिसकावला की प्रश्न मिटला, हा दुसरा गैरसमज. दारू कायमची सोडता येते, पण वर्गाचा ग्रुप, तिकीट, पैसे सगळं फोनवर असताना फोन कसा सोडणार? म्हणून इथे ध्येय असतं वापरावर ताबा मिळवण्याचं. उदाहरणार्थ, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा असतो.

मुलाच्या ज्या वागण्याची आळस म्हणून बोळवण होते, त्याच्या तळाशी पुष्कळदा नैराश्य, चिंता किंवा एकटेपणा असतो. ते तपासलंच पाहिजे.

‘मोबाइलचं व्यसन हा काही आजार नाही’ हे मात्र अर्धंच खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचं व्यसन असा वेगळा आजार नाही. पण तेवढ्यानं मदत थांबलेली नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून यासाठी खास क्लिनिक चालतं. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मुलगा यायला तयार नसेल, तर पहिल्या भेटीला आईवडिलांनीच जावं आणि घरात हा विषय भांडण न होता कसा काढायचा, एवढंच आधी विचारून यावं.