ओझं उतरवताना

कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा चाकणच्या एखाद्या शेडमध्ये डोक्यावरून सरकणारी ईओटी (इलेक्ट्रिक ओव्हरहेड ट्रॅव्हलिंग) क्रेन पाहिली की नजर आधी तिच्या ताकदीवर जाते. किती टनांची, हे गर्डरवर ठळक रंगवलेलंच असतं. पण भार वर नेणं हा तिच्या कामातला सोपा भाग. कस लागतो तो खाली आणताना.

जुन्या होइस्टवर आजही स्लिप-रिंग मोटार दिसते. रोटरच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्सच्या पेट्या जोडलेल्या असतात. ऑपरेटर कंट्रोलरचा दांडा एकेक नॉच पुढे नेतो, पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर खटाखट ओढले जातात आणि रेझिस्टन्सचा एकेक टप्पा कमी होत वेग वाढतो. उतरवताना मात्र सगळा हिशेब फिरतो. आता भारच मोटारीला ओढू लागतो. ५० हर्ट्झवरची सहा पोलची मोटार मिनिटाला १००० फेऱ्यांची मर्यादा ओलांडते, जनरेटर होते आणि वीज उलट लाइनमध्ये पाठवते. या अवस्थेत रेझिस्टन्स जितका जास्त, तितका भार वेगाने खाली येतो. ‘पहिला नॉच म्हणजे हळू’ असं धरून चालणाऱ्या नवख्याला इथेच घाम फुटतो.

ब्रेकचा न्यायही असाच उफराटा. वीज मिळाली की तो लागत नाही, सुटतो. दणकट स्प्रिंग दोन्ही शू ड्रमवर सतत आवळून धरते. थ्रस्टरमधली छोटी मोटार तेलाचा दाब तयार करून तिच्याविरुद्ध दांडा उचलते, तेव्हा कुठे ड्रम मोकळा होतो. भर कामात लाइट गेली तरी स्प्रिंगला विजेची गरज नाही. आपल्याकडच्या वीजपुरवठ्याचा अनुभव असलेल्यांना यामागचं शहाणपण समजावून सांगायला नको.

आता व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, आला आहे. फ्रिक्वेन्सीच कमी-जास्त होत असल्याने भार मुंगीच्या पावलांनीही उतरतो. १० टनांचा जॉब मिनिटाला ६ मीटर वेगाने खाली आला की जवळजवळ १० किलोवॉट शक्ती मोकळी होते. गिअरबॉक्समधलं घर्षण वगळता उरलेली मोटारीतून ड्राइव्हकडे येते आणि बहुतेक ठिकाणी ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. नीट बसवलेला ड्राइव्ह मोटारीत पुरेसा टॉर्क आल्याची खात्री करूनच ब्रेक सोडतो आणि थांबताना वेग शून्यावर आणून मगच लावतो. त्यामुळे ब्रेकचे लायनर वर्षानुवर्षं टिकतात.

मला धास्ती वाटते ती नेमकी याचीच. ज्या ब्रेकला रोज झीज नाही, त्याच्याकडे रोज कोणी पाहतही नाही. स्प्रिंग सैल पडली, ड्रमवर ग्रीस उडालं, तरी ड्राइव्ह सगळं सांभाळून नेतो, आणि ड्राइव्ह ट्रिप झाला की मगच ब्रेकची खरी अवस्था कळते.

१८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या लियाओनिंग प्रांतातल्या तिएलिंग इथल्या पोलाद कारखान्यात व्हीएफडीचा नव्हे, पण ब्रेकचाच असा निकाल लागला. वितळलेल्या पोलादाचं ३० टनी लेडल उतरत होतं. चौकशीत आढळलं ते असं: कंट्रोल सर्किटमधला इंटरलॉकचा एक कॉन्टॅक्ट गंजून उघडा राहिला आणि मोटारीची वीज तुटली. सर्किटची रचनाच सदोष असल्याने ब्रेक आपोआप लागला नाही, आणि त्याची पकडही फार अपुरी होती. शिवाय लेडलसाठीच्या खास क्रेनऐवजी तिथे साधी क्रेन वापरलेली. लेडल कोसळलं आणि पोलाद शेजारच्या खोलीत घुसलं. तिथे पाळी सुरू होण्यापूर्वीची बैठक भरली होती. ३२ कामगार गेले.

आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार क्रेनची १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी लागत असे. पण उरलेल्या दिवसांचं काय? पाळीचा पहिला जड भार वीतभर उचला, थांबवा आणि तो खाली सरकतो का ते पाहा. व्हीएफडी असेल तर ड्राइव्ह भार धरून नाही, एकटा ब्रेकच धरतो आहे, याची आधी खात्री करा. सरकला, तर त्या दिवशी क्रेन बंद ठेवा. मालक कितीही घाईत असला तरी.