संकरित मोटार दाराशी आणण्यापूर्वी



खते, बियाणे आणि औषधे यांविषयी लिहिणाऱ्या माणसाने मोटारगाडीवर लेख लिहावा, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात एका बागायतदाराच्या घरी द्राक्षावरची भुरी पाहायला गेलो होतो, तो प्रसंग मनातून जात नाही. रस्त्याच्या कामात त्यांची सव्वा एकर जमीन गेली होती. मोबदल्याची रक्कम नुकतीच बँकेत जमा झाली होती. चहा झाल्यावर मालकांनी मोबाईल पुढे केला. त्यात एका पांढऱ्या, उंच, आलिशान गाडीचा फोटो होता.

"साहेब, नवी असताना कोटीची गाडी. आठ वर्षं झालीत, पण फार पळालेली नाही. हायब्रीड आहे, पेट्रोल कमी पिते. आता तिसऱ्या हिश्शात मिळतेय. काय म्हणता?"

मी बोलण्याआधीच दाराआडून वहिनी म्हणाल्या, "साहेब, गेलेली जमीन काही परत यायची नाही. त्या पैशातून जे आणायचं ते एकदाच आणायचं आहे. ही गाडी आमच्या घरात नांदेल का, तेवढं सांगा."

मी चार दिवसांची मुदत मागितली. अशा गाड्यांवर हात बसलेल्या एका जाणत्या फिटरला भेटलो, गाडीची पुस्तिका वाचली, हिशेब मांडला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण जमिनीचा मोबदला, उसाचे बिल किंवा बागेचा पैसा हाती आलेल्या अनेक घरांत आज हाच प्रश्न आहे.

हायब्रीड म्हणजे संकरित

हायब्रीड हा शब्द आपल्याला नवा नाही. ज्वारी-बाजरीच्या बियाण्यामुळे तो घरोघर पोचला आहे. दोन जातींचे गुण एकत्र आणले की संकर होतो. या गाडीत पेट्रोल इंजीन आणि विजेच्या मोटारी यांचा संकर आहे. गाडी जागेवरून हलते तेव्हा बहुधा विजेची मोटार ओढते. वेग किंवा चढ वाढला की इंजीन सुरू होते. ब्रेक दाबला की तीच मोटार उलट वीज तयार करते आणि ती मोठ्या बॅटरीत साठते. म्हणून अशा गाडीला घरच्या विजेवर लावावे लागत नाही. वीजजोडणीवर भरायच्या संकरित गाड्याही असतात, पण त्यांचा प्रकार वेगळा. घेताना कोणती आहे ते आधी विचारावे.

टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये प्रियस ही हायब्रीड मोटार विक्रीस आणली. त्याच घराण्यातील लेक्सस ही आलिशान गाडी २०१७ मध्ये भारतात आली. तिची आरएक्स ४५० एच ही उंच गाडी तेव्हा कोटीच्या वर होती. अशा गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत.

या आरएक्सच्या मागच्या आसनाखाली निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी असते. १.२ व्होल्टची २४० घरे मिळून २८८ व्होल्ट होतात. मोटारी चालवताना हा दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवला जातो. आपल्या विहिरीवरचा थ्री फेज पंप ४१५ व्होल्टवर चालतो. यावरून गाडीतील विजेचा धाक लक्षात घ्यावा. नारिंगी रंगाच्या जाड केबली म्हणजे हीच वीज. त्यांना गावच्या वायरमनने किंवा हौशी पोराने हात लावू नये.

बचत किती, खर्च किती?

आता हिशेबाकडे वळू. समजा, तुमची गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर धावते. त्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी लिटरला १० किलोमीटर देते आणि संकरित १५ देते, असे धरू. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर मानू. साध्या गाडीला १,००० लिटर लागेल, संकरितला सुमारे ६६७. म्हणजे वर्षाला ३३,३०० रुपये वाचले. सहा वर्षांत दोन लाखांच्या आतच.

यात एक मेख आहे. या गाडीची खरी बचत होते ती शहरातल्या थांबत-चालत रहदारीत, कारण तिथे ब्रेकची वीज पुन्हा कामाला येते. गाव ते तालुका हा मोकळा रस्ता असेल तर बचत याहून कमी होते.

दुसऱ्या बाजूला, मोठी बॅटरी बदलायची वेळ आली तर तो खर्च लाखांच्या घरात जातो. रुंद टायर आणि कंपनीचे सुटे भाग हे सारे नव्या कोटीच्या गाडीच्याच भावाचे. गाडी तिसऱ्या हिश्शात मिळाली म्हणून तिचा खुराक तिसऱ्या हिश्शात मिळत नाही. संकरित गाय आणली तेव्हा आपण हे शिकलोच आहोत. ती दूध देते ते गोठा, चारा आणि हाकेवर येणारा डॉक्टर यांच्या बळावर. यातले एक जरी नसेल तर तिच्यापेक्षा घरची गावठी गाय बरी.

दात पाहूनच दावणीला बांधा

बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, जुंपून चालवतो. गाडीलाही तोच न्याय लावावा.

पहिली गोष्ट म्हणजे बॅटरीची तपासणी. ही कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत संगणक जोडून होते. गटागटाने व्होल्ट मोजले जातात. जोडीतला एक बैल लंगडा असेल तर दुसऱ्याचाही दम जातो, तसे एक घर कमजोर झाले की सारी बॅटरी बसते. अहवाल लेखी घ्यावा. बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची होती, त्यातली किती शिल्लक आहे, हेही लेखी विचारावे.

दुसरे, गाडी रात्रभर थंड असताना सकाळी सुरू करून पाहावी. मग थंड हवा चालू ठेवून तासभर, शक्यतो घाटातून चालवावी. बॅटरीची पातळी दाखवणारे चित्र भराभर भरते आणि भराभर रिकामे होते, किंवा मागच्या आसनाखालचा पंखा सतत घोंघावतो, तर सावध व्हावे. काही विक्रेते धोक्याचा दिवा संगणकावरून पुसून ठेवतात. लांबची फेरी मारली की तो पुन्हा लागतो.

तिसरे, पुराची गाडी घेऊ नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराच्या पाण्याने किती वाहने बुडाली, हे आपण पाहिले आहे. अशी वाहने धुऊनपुसून दूरच्या बाजारात जातात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा, टोकाला गाळाची रेघ दिसते. जादा चाकाची खोबण, आसनाखालचे बोल्ट आणि आतला वास पाहा. जिची बॅटरीच आसनाखाली आहे, तिला पुराचे पाणी लागले असेल तर ती फुकटही महाग.

चौथे, कागद. नोंदणी पुस्तकातील नाव, इंजीन व चासी क्रमांक जुळवून घ्यावेत. परिवहन खात्याच्या मोबाईल सेवेवर बँकेचा बोजा, विमा आणि थकलेले दंड पाहता येतात. नाव बदलासाठी नमुना २९ व ३०, कर्ज फिटले असल्यास नमुना ३५, आणि गाडी परराज्यातील असेल तर तिथले ना हरकत प्रमाणपत्र लागते. शिवाय आपल्या राज्याचा कर भरावा लागतो, तो किमतीत धरावा. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्यावा.

घरी आणल्यावर

इतके करून गाडी आणलीच, तर पुढील गोष्टी घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात.

१. बॅटरीला हवा लागते. मागच्या आसनापाशी हवा आत घेणारी जाळी असते. तिच्यावर पेंडीचे पोते, भाजीची पाटी किंवा गोधडी ठेवू नये. आपल्या धुळीत तिची गाळणी लवकर चोंदते. ती वेळोवेळी साफ करून घ्यावी. हवा कोंडली की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते.

२. लहान बॅटरी विसरू नये. मोठ्या बॅटरीखेरीज साधी १२ व्होल्टची बॅटरीही गाडीत असते. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. एका ओळखीच्या घरी गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. भाद्रपदातल्या एका रात्री आजोबांच्या छातीत दुखू लागले, तेव्हा तिचे दारसुद्धा नीट उघडेना. शेजाऱ्याच्या पिकअपमधून त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. आजोबा वाचले, पण त्या घरात गाडीचे नाव काढले की अजून सगळे गप्प होतात. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी चालवावी, निदान तासभर 'रेडी' दिवा लावून ठेवावी. मात्र बंद शेडमध्ये कधीही नाही. इंजीन आपोआप सुरू होते आणि विषारी धूर कोंडतो.

३. उंदरांचा बंदोबस्त करावा. चाऱ्याच्या गंजीशेजारी गाडी लावू नये. उंदीर वायरी कुरतडतात आणि बॅटरीच्या पंख्याच्या वाटेत घरटे करतात.

४. पाणी व तेले. इंजिनाचे शीतक वेगळे आणि विजेच्या भागाचे वेगळे, अशा दोन टाक्या असतात. दोन्हींत कंपनीचेच शीतक भरावे, विहिरीचे पाणी ओतू नये. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, गाडी कमी धावली तरी, तेल बदलावे. थंड हवेच्या यंत्रालाही मोठ्या बॅटरीची वीज लागते आणि त्याचे तेल वेगळे असते. रस्त्यावरच्या दुकानात साधे तेल घालून गॅस भरला, तर ते यंत्र जाते.

५. ब्रेक. मोटारच गाडी थोपवत असल्याने ब्रेकचे पॅड पुष्कळ टिकतात. पण न वापरलेले हत्यार गंजते. वर्षातून एकदा चाके काढून ते साफ करून घ्यावेत.

६. ट्रॅक्टरने ओढू नये. बंद पडलेल्या गाडीची चाके फिरली की आतली मोटारही फिरते आणि वीज तयार होते. चारही चाके उचलून, सपाट ट्रकवर घालूनच ती न्यावी. या गाडीवरून ट्रॅक्टरची बॅटरी चालू करण्याचा उद्योगही करू नये.

७. पेट्रोल. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या १० टक्क्यांच्या हिशेबाने बनल्या आहेत. आपल्या गाडीची मर्यादा पुस्तिकेत पाहावी. इथेनॉल ओल धरते, तेव्हा टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवून गाडी उभी ठेवू नये.

८. लेकरे. ही गाडी आवाज न करता हलते. अंगणात मागे घेताना एकाने खाली उतरून पाहावे. लेकराला, म्हाताऱ्या माणसाला तिची चाहूल लागत नाही.

शेवटचा प्रश्न

चार दिवसांनी मी पुन्हा त्या घरी गेलो. वहीच्या पानावर डावीकडे बचत आणि उजवीकडे खर्च मांडला. वहिनींनी तो वाचला आणि एकच विचारले, "साहेब, ही बिघडली तर दुरुस्त करणारा किती लांब?"

अधिकृत कार्यशाळा तिथून दोनशे किलोमीटरच्या पुढे होती. मालक गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तरी एकदा तपासून तर घेऊ." मला ते पटले. हौस काही पाप नाही. जन्मभर चिखल तुडवणाऱ्या माणसाला चांगल्या गाडीत बसावेसे वाटले, तर त्यात चूक काय?

त्यांनी विक्रेत्याला फोन लावला आणि गाडी कंपनीच्या कार्यशाळेत दाखवायची अट घातली. खर्च आम्ही देऊ, असेही सांगितले. आधी तो हसला, मग म्हणाला की दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, आजच बयाणा द्या. मालकांनी फोन ठेवला. "दात दाखवू देत नाही म्हणजे बैल म्हाताराच," एवढेच बोलून ते बागेकडे निघाले.

त्यांनी पुढे दुसरी गाडी पाहिली की नाही, मला ठाऊक नाही. वहीचे ते पान मात्र वहिनींनी देवघराच्या फळीवर ठेवले आहे. तुमच्याही घरी असा प्रश्न निघाला तर आधी असे एक पान मांडा. बचत, खर्च, कागद आणि कार्यशाळेचे अंतर हे चारही आकडे घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचा. ते ऐकूनही घरच्यांची तयारी असेल, तर गाडी खुशाल आणा आणि नीट सांभाळा. मग ती दाराशी बांधलेला हत्ती न होता घरची गाडी होईल.